ढालीवरचा ऊस

फिजीचं मोठं विमानतळ नांदीला आहे. इंग्रजी पाटीवर ‘नादी’ दिसतं, पण तिथल्या भाषेत ‘द’च्या आधी ‘न’ लागतोच, ही दुरुस्ती टॅक्सीवाल्या भाईंनी मी बसल्या बसल्याच केली. आपल्याकडे नाटकाच्या सुरुवातीला नांदी, माझ्या प्रवासाचीही तशीच झाली. भाई साठीचे. बोलत होते ‘फिजी बात’, म्हणजे अवधी-भोजपुरीच्या अंगानं गेलेली तिथली हिंदी. सगळं नाही, पण बरंच कळत होतं.

त्यांच्या आरशाला हातरुमालाएवढा फिजीचा ध्वज बांधलेला होता. फिकट निळा, एका कोपऱ्यात ब्रिटिशांचा युनियन जॅक आणि उजव्या बाजूला ढाल. विमानतळावर तो दिसला होता, पण ढालीत काय आहे हे हातभर अंतरावरून पहिल्यांदाच बघितलं. वरच्या लाल पट्ट्यात सोनेरी सिंह, त्याच्या पंजात कोकोची शेंग. खाली लाल क्रूसानं पाडलेले चार चौकोन : ऊस, नारळाचं झाड, चोचीत ऑलिव्हची डहाळी घेतलेलं कबुतर आणि केळ्यांचा घड.

उसाची तीन कांडकी. मी शिरोळ तालुक्यातली, वडिलांचं आयुष्य उसात गेलेलं. दुसऱ्या देशाच्या झेंड्यावर ऊस बघून मला आधी नुसता आनंद झाला.

रस्ता लौतोकाकडे निघाला आणि दोन्ही बाजूंना तोच ऊस. मध्येच रस्ता ओलांडणारे अरुंद रूळ. त्यावरून उसाच्या वाघिणी ओढत एक बुटकं इंजिन आलं आणि आम्ही थांबलो. गळीत हंगाम चालू होता. लौतोकाचा कारखाना १९०३ पासूनचा. लांबूनच मळीचा तो आंबूस-गोड वास आला, आणि डोळे मिटले असते तर मी घरीच होते.

भाई म्हणाले, “हमार आजा के बाप कलकत्ता से आइस रहा, गन्ना काटे.”

१४ मे १८७९ ला ‘लिओनिदास’ हे पहिलं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन लेवुकाला लागलं. १९१६ पर्यंत अशी साठ हजारांहून जास्त माणसं आणली गेली, पुढे मद्रासहूनही. करार पाच वर्षांचा. ‘ॲग्रीमेंट’चं झालं गिरमिट, आणि माणसं झाली गिरमिटिया. पुरुषाला पूर्ण कामाचा दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेनी. उसाच्या कामावर देखरेख करणाऱ्या गोऱ्या साहेबाला ते ‘कुलंबर’ म्हणत. त्या जगण्याला त्यांनी दिलेलं दुसरं नाव होतं ‘नरक’.

आता ढालीचं साल बघा. राजमुद्रेतली ही ढाल १९०८ ची आहे. म्हणजे उसाला राजमान्यता मिळाली तेव्हा तो तोडणारे अजून करारात बांधलेले होते. चारच वर्षांनी, १९१२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ही पद्धत बंद करण्याचा ठराव भारताच्या कायदेमंडळात मांडला आणि तो फेटाळला गेला. उरलेले करार रद्द व्हायला १ जानेवारी १९२० उजाडलं. शाळेत गोखले शिकले, पण हा ठराव माझ्या लक्षात राहिला नव्हता. तिथे, त्या रुळांपाशी, तो फार जवळचा वाटला.

कबुतराची गोष्ट वेगळी. ते इंग्रजांच्याही आधीचं, राजा थाकोंबाऊच्या १८७१ ते १८७४ च्या अल्पजीवी राज्याच्या झेंड्यावरून आलेलं. १० ऑक्टोबर १८७४ ला बेटं ब्रिटनच्या ताब्यात गेली आणि बरोबर ९६ वर्षांनी, त्याच तारखेला, देश स्वतंत्र झाला. हा ध्वज तेव्हाचा. वसाहतीच्या गडद निळ्याऐवजी प्रशांत महासागराचा फिकट निळा घेतला, युनियन जॅक मात्र ठेवला. १९८७ मध्ये दोन लष्करी उठाव झाले, देश प्रजासत्ताक झाला, असंख्य भारतीय वंशाची कुटुंबं देश सोडून गेली, तरी ध्वज तोच.

२०१५ मध्ये पंतप्रधान बैनिमारामांनी तो बदलायचं जाहीर केलं. वसाहतीच्या खुणा नकोत, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. लोकांकडून नवी चित्रं मागवली, २३ निवडलीही. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळानं देश झोडपला, आणि ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, रग्बीत फिजीनं ब्रिटनला ४३-७ असं हरवलं. देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, तेही सोनं. गावोगाव लोक हाच झेंडा घेऊन रस्त्यावर आले, आणि त्याच महिन्यात बदलाचा बेत मागे घेतला गेला. त्या विजयाची सात डॉलरची नोटही निघाली. भाईंनी एक कोरी करकरीत पाकिटात जपून ठेवली होती, ती काढून दाखवली.

मी विचारलं, बदलावा का हा झेंडा?

त्यांनी गाडी बाजूला घेतली. वाघिणीतून पडलेला एक ऊस उचलून आणला, गुडघ्यावर मोडला आणि बुडख्याकडचं, गोड कांडं माझ्या हातात दिलं. “झंडा बदली तो बदली, बहिनी. लेकिन गन्ना रहे के चाही.”

आम्ही रुळाकडेला उभं राहून ऊस खाल्ला. त्यांनी चोयट्या गोळा करून पिशवीत भरल्या, मग आम्ही लौतोकाकडे निघालो.