हॉर्सीच्या किनाऱ्यावर, दोराच्या अलीकडे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे लंडनहून रेल्वेने नॉरिचला आणि तेथून भाड्याच्या मोटारीने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हॉर्सी या लहानशा गावी गेलो. वाहनतळावर उतरलो तेव्हा समुद्र अजून दिसत नव्हता. परंतु वाळूच्या टेकड्यांपलीकडून तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा आवाज येत होता. टेकडीवर चढून पाहिले, तर खाली दूरवर राखाडी सीलच्या माद्या आणि त्यांची पांढरीशुभ्र पिल्ले पसरलेली होती.

नोव्हेंबर ते जानेवारी हा येथील विण्याचा हंगाम असतो. या काळात टेकड्यांच्या कडेने दोर बांधतात, आणि ‘फ्रेंड्स ऑफ हॉर्सी सील्स’ या संस्थेचे स्वयंसेवक भडक रंगाची जाकिटे घालून दोराशी उभे राहतात. आम्हाला भेटलेल्या स्वयंसेविका सत्तरीच्या आसपासच्या होत्या. बोचऱ्या वाऱ्यात त्या तासन्‌तास उभ्या होत्या, तरी प्रत्येक नव्या माणसाला तीच माहिती तितक्याच आपुलकीने सांगत होत्या.

दोरापासून थोड्याच अंतरावर एक पिल्लू एकटेच पडलेले होते. त्याच्या पोटाला ओली, गुलाबी नाळ अजून लोंबत होती, लवेवर पिवळसर डाग होते आणि शेजारी एक समुद्रपक्षी जन्मानंतर वाळूवर पडलेली वार चोचीने ओढत होता. आई कोठेच दिसेना. मी काळजीने विचारले, “हे पिल्लू टाकून दिलेले तर नाही ना? कोणाला कळवायला हवे का?” बाईंनी स्वतःची दुर्बीण माझ्या हातात दिली आणि लाटांकडे बोट दाखवले. पाण्यात एक काळे डोके स्थिर होते. “ती तिथून सारे पाहते आहे,” त्या म्हणाल्या. “आपण मध्ये उभे राहिलो, तर मात्र ती येणार नाही.”

त्यांच्याकडून जे ऐकले त्यावरून या अंतराचे मोल मला समजले. जन्मताना साधारण १४ किलो असलेले पिल्लू, सुमारे ६० टक्के स्निग्धांश असलेल्या दुधावर, तीनच आठवड्यांत तिपटीच्या घरात जाते. आणि त्या काळात आई जवळजवळ काहीच न खाता स्वतःच्या अंगची चरबी झिजवून त्याला पाजत असते. त्यानंतर ती नराशी समागम करून समुद्रात निघून जाते, ती पुन्हा पिल्लाकडे येत नाही. म्हणजे पाजण्याचे दिवस मोजकेच, आणि छायाचित्रासाठी जवळ गेलेल्या माणसामुळे किंवा मोकाट सोडलेल्या कुत्र्यामुळे बिथरलेली आई परतलीच नाही, तर पिल्लू उपाशी मरते.

मला कोकणातल्या वेळास गावाची आठवण झाली. तेथेही आम्ही दोरीमागे उभे राहून कासवांची पिल्ले पाण्याकडे जाताना पाहिली होती. पण येथे एखाद्याने कळवळ्याने पिल्लाला समुद्राकडे ढकलले, तर तो त्याच्या जिवावरच उठेल, कारण ती पांढरी लव पाण्यात ऊब धरत नाही. त्यामुळे या स्वयंसेवकांची नजर सीलइतकीच, किंबहुना अधिक, माणसांवर असते, आणि मला ते काम फार मोठे वाटते. पोराला खांद्यावर घेऊन दोर ओलांडू पाहणाऱ्या एका गृहस्थांना बाईंनी न रागावता थांबवले आणि मुलाला दुर्बिणीतून पिल्लाच्या मिशा दाखवल्या.

एका गोष्टीने त्यांचाही आवाज कापरा झाला. किनाऱ्यावर खेळायची, मध्ये पोकळ असलेली प्लॅस्टिकची उडती चकती लोक समुद्रात हरवतात. कुतूहलाने सील तिच्यात मान घालतो, आणि अंग वाढत जाते तशी ती कड मांसात रुतत जाते. असे जखमी सील पकडता आले, तर ईस्ट विंच येथील आरएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या वन्यजीव केंद्रात त्यांच्यावर उपचार होतात. पण मोठा सील पकडणे सोपे नसते.

पावणेचारलाच सूर्य मावळला. आई अजून पाण्यातच होती, आणि आम्ही जड मनाने परतलो. दुसऱ्या दिवशी नॉरिचला निघण्यापूर्वी पुन्हा टेकडीवर गेलो. कालचेच पिल्लू कुशीवर वळलेल्या आईच्या पोटाशी चिकटून पीत होते, आणि ती आपल्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाने त्याच्या पाठीवरची वाळू हळूहळू खाजवत होती. दोराशी आज दुसरे स्वयंसेवक उभे होते.