चार मुलांच्या वर्गाचा निकाल कसा पाहावा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या एखाद्या वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीला चारच मुले असली, की एक मूल म्हणजे २५ टक्के. ते चाचणीच्या दिवशी तापाने घरी राहिले तरी निकाल हलतो, शिकवणे मात्र तेच असते. अशा शाळांची टक्केवारीने क्रमवारी लावणे अन्यायाचे आहे. एकेक मूल पाहावे, आणि ते पालकांनाही जमते.

मुलाकडून एक मिनिट वाचून घ्या. धड्यातला उतारा नको, तो पाठ असतो. बोट एका ओळीवर असते आणि तोंड दुसरीच ओळ म्हणते. ८० शब्दांचा सोपा, नवा उतारा घ्या. ५२ शब्द वाचले, ६ चुकले, तर ४६ धरा. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेची तिसरीअखेरची अपेक्षा मिनिटाला किमान ६० शब्दांची आहे, तेही समजून. म्हणून नंतर चार प्रश्न विचारा. उत्तर कोंकणीत आले तरी बरोबर धरा. मुलाला समजले आहे की नाही, एवढेच इथे पाहायचे.

गणितात 'पंचवीस' सांगा. बरीच मुले ५२ लिहितात, कारण कानावर पाच आधी पडतो. 'एकोणतीस'ला तर ३९ येतात! दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून 'दोन दशक, पाच सुटे' असे रोज म्हणवून घेतले की ही चूक सुटते. नुसती उजळणी घोकून सुटत नाही.

आता वेळेचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास आहेत, म्हणजे दिवसाला चार. शिक्षक एक आणि इयत्ता चार, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला एकच तास. उरलेले तीन तास फळ्यावरचे उतरवण्यात गेले की हात चालतो, डोके थांबते. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी एकत्र बसवली तर तोच वाटा दोन तासांचा होतो. खरे तर ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे त्याच कायद्यात लिहिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीने ते लेखी मागावे.

वाचन चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर, दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत घ्या. जुलैत नको, पत्र्यावरच्या पावसात काही ऐकू येत नाही. आकडे वहीत मुलाच्या नावापुढे लिहा. दोन वेळा आकडा जागचा हलला नाही, तर आधी हजेरी पाहा, मग मुलाला फळ्यावरचे नीट दिसते का ते तपासून घ्या.