होमलॅब नोंद: लॉग लिहिणारी डिस्कच गायब होते तेव्हा

मागच्या तीन आठवड्यांत माझा घरचा प्रॉक्समॉक्स होस्ट (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा सर्व्हर) पाच वेळा अडकून बसला आणि पहिल्या चार वेळा लॉगमध्ये कारणाचा मागमूस नव्हता. पाचव्या वेळी कारण सांगणारी ओळ हाती लागली. वाटेत जे जे अडलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण असाच मिनी पीसी आणि एकच एनव्हीएमई एसएसडी (पीसीआय बसला थेट जोडलेली वेगवान डिस्क) घेऊन बसलेले आपल्यात बरेच जण आहेत.

लक्षण दर वेळी तेच. रात्रीचा बॅकअप नीट पूर्ण व्हायचा आणि त्यानंतर मशीन निवांत असताना कधीतरी होस्ट अडकायचा. पिंगला उत्तर येतंय, पण ८००६ पोर्टवरचं वेब पान उघडत नाही आणि एसएसएच जोडणी होऊन तिथेच थांबतं. पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. परत चालू केल्यावर जर्नलसीटीएलने (सिस्टमचा लॉग दाखवणारी कमांड) आधीच्या बूटचा शेवट बघितला, तर बॅकअप यशस्वी झाल्याची ओळ, दोन-चार किरकोळ नोंदी आणि पुढे काहीच नाही. नव्या बूटमध्ये एवढंच, की आधीची जर्नल फाइल नीट बंद झाली नव्हती म्हणून ती बाजूला ठेवून नवी सुरू केली.

पहिला संशय जर्नलडीवर, म्हणजे लॉग डिस्कवर लिहिणाऱ्या सर्व्हिसवर. त्याचा सिंक इंटरव्हल (नोंदी डिस्कवर पक्क्या करण्यातलं अंतर) मुळात ५ मिनिटांचा असतो. फक्त क्रिटिकल आणि त्यावरच्या पातळीची नोंद आली तरच तो लगेच सिंक करतो. मी तो १० सेकंदांवर आणला. स्टोरेजची सेटिंग परसिस्टंट आहे ना, व्हार-लॉग-जर्नल फोल्डर जागेवर आहे ना, डिस्क भरली नाही ना, सगळं पाहिलं. चार दिवसांनी होस्ट पुन्हा बसला. लॉग तसाच कोरा.

मग आर-सिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रामने नोंदी दुसरीकडे पाठवायला लागलो. इथे माझ्या मांडणीतली चूक लक्षात आली. माझा लॉग सर्व्हर हा त्याच होस्टवरचा एक व्हीएम होता आणि त्याची व्हर्च्युअल डिस्क त्याच एसएसडीवर. होस्ट बसला की त्याची साक्ष देणाराही बसणार. तुमच्याकडे एकच होस्ट असेल तर हे आजच तपासा. माझा राउटरशेजारचा जुना रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) आता लॉग घेतो. तो इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे वीज गेली तरी चालू राहतो.

पायवर नोंदी यायला लागल्या, छान वाटलं. तिसऱ्यांदा होस्ट बसला तेव्हा मात्र तिथेही कारण पोचलं नव्हतं. आर-सिसलॉग हा शेवटी एक साधा प्रोग्राम. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, निरोप आधी त्याच्याकडे, मग नेटवर्कवर. डिस्कवरचं काही वाचायला किंवा लिहायला तो अडकला की साखळी तुटते.

चौथ्या वेळेसाठी तयारी म्हणून होस्टला मॉनिटर आणि कीबोर्ड लावून, रूट लॉगिन करूनच ठेवलं होतं. सकाळी पाहिलं तर स्क्रीनभर ईएक्सटी४ या फाइल सिस्टमच्या एरर. एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं, उत्तर आलं: इनपुट-आउटपुट एरर. कर्नलचे निरोप दाखवणाऱ्या डीमेसेजलाही तेच. इको मात्र चालत होतं, कारण ते शेलच्या (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटातच असतं, डिस्कवरून आणावं लागत नाही. म्हणजे डिस्क हातची गेली होती एवढं नक्की झालं. पण का गेली? स्क्रीनवर नुसते परिणाम होते, सुरुवात नव्हती.

आता राहिलं नेटकन्सोल. हे कर्नलमधलंच मॉड्यूल आहे. कर्नलची प्रत्येक ओळ ते थेट नेटवर्कचं यूडीपी पॅकेट करून पाठवतं. मध्ये डिस्क नाही, कुठला प्रोग्राम नाही. पाठवणारा पोर्ट ६६६५, घेणारा ६६६६. पायवर नेटकॅट (पॅकेट घेणारा प्रोग्राम) ऐकायला बसवलं, होस्टवर मॉड्यूल लोड केलं, तर ते म्हणालं की हे नेटवर्क कार्ड स्लेव्ह डिव्हाइस आहे, म्हणून थांबतो. प्रॉक्समॉक्समध्ये कार्ड ब्रिजखाली (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या व्हर्च्युअल स्विचखाली) असतं, त्यामुळे नेटकन्सोलला कार्डाचं नाही, ब्रिजचं नाव द्यायचं, म्हणजे माझ्याकडे व्हीएमबीआर०. आणि ब्रिज वर आल्याशिवाय मॉड्यूल लोड करून उपयोग नाही, म्हणून नेटवर्क ऑनलाइन झाल्यावर चालणारी छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहिली.

यानंतरही पाय गप्पच. केएमसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ घालायची फाइल) चाचणीची ओळ लिहिली, पोचली नाही. पॅकेट बघणारा टीसीपीडंप लावला, पॅकेटच निघत नव्हतं. या एका गोष्टीत माझी अख्खी संध्याकाळ गेली. बूटच्या ओळीत ‘क्वाएट’ असेल तर कन्सोलची पातळी ४ होते आणि ४ पेक्षा कमी आकड्याचे, म्हणजे एरर आणि त्याहून गंभीर निरोपच बाहेर पडतात. वॉर्निंगची पातळी नेमकी ४, त्यामुळे ती अडते. नेटकन्सोललाही हाच नियम लागू. माझी चाचणीची ओळही वॉर्निंग पातळीचीच होती. डीमेसेजने पातळी ८ केली आणि पुढच्या क्षणी पायच्या स्क्रीनवर ओळ उमटली. खरंच हायसं वाटलं.

मॉनिटरचं कोडंही इथेच सुटलं. एनव्हीएमई ड्रायव्हर आपली पहिली तक्रार वॉर्निंग म्हणून नोंदवतो, तर तिच्यामुळे होणाऱ्या फाइल सिस्टमच्या तक्रारी एरर किंवा त्याहून गंभीर पातळीवर येतात. म्हणून स्क्रीनवर परिणाम दिसले आणि कारण गाळलं गेलं.

सहाव्या रात्री होस्ट पाचव्यांदा बसला आणि पायवर सगळं व्यवस्थित उतरलं. आधी ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’, सोबत सीएसटीएसचा (डिस्कची स्थिती सांगणाऱ्या रजिस्टरचा) आकडा सगळाच्या सगळा एफ. रजिस्टर वाचायला गेल्यावर नुसते एफ मिळतात याचा अर्थ पीसीआय बसवर डिस्क उत्तरच देत नाही. लगेच पुढे कर्नलचाच प्रश्न, की डिव्हाइसचा पॉवर सेव्हिंग मोड सदोष आहे का, आणि कोणते दोन ऑप्शन वापरून बघावेत त्यांची नावं. मग रीसेट फसल्याने डिव्हाइस बंद केल्याची ओळ, कोड उणे १९, म्हणजे असं डिव्हाइसच नाही. बॅकअप संपून मशीन निवांत झाल्यावरच हे का व्हायचं, तेही कळलं: काम नसलं की डिस्क खोल झोपेत जायची आणि तिथून उठत नव्हती.

दोन्ही ऑप्शन एकदम लावले नाहीत, कारण कशाने फरक पडला ते कळायला हवं. आधी फक्त एनव्हीएमई कोअरची पॉवर स्टेट लेटन्सी शून्य केली, म्हणजे डिस्कची खोल झोप बंद. पीसीआयई एएसपीएम (बसची वीजबचत) बंद करायचा ऑप्शन राखून ठेवलाय. माझी रूट डिस्क एलव्हीएमवर ईएक्सटी४ आहे, त्यामुळे बूट करणाऱ्या ग्रबची फाइल बदलून अपडेट-ग्रब चालवलं आणि त्याच वेळी ‘क्वाएट’ही काढून टाकलं. यूईएफआयवर झेडएफएस असेल आणि बूट सिस्टमडी-बूटने होत असेल, तर कर्नल कमांडलाइनची वेगळी फाइल बदलून प्रॉक्समॉक्स-बूट-टूलने रिफ्रेश करावं लागतं. काहीही असो, रीबूटनंतर प्रॉक-कमांडलाइन वाचून ऑप्शन खरंच लागलाय ना ते बघा.

आणखी एक केलंय. दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) केएमसेजमध्ये एक ओळ लिहितो. लॉग शांत आहे की वाट तुटली आहे, हे नुसतं बघून कळत नाही. या ओळीमुळे कळतं.

आज नववा दिवस. सकाळी पायवरची फाइल उघडली, रात्रीच्या तासातासाच्या सगळ्या ओळी होत्या. महिना नीट गेला तर एसएसडीचं फर्मवेअर अपडेट करून, ऑप्शन काढून पुन्हा बघणार आहे. तोवर मॉनिटर उचलून ठेवला.