तिकडे केटी लागते का?

परवा संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. बाहेर धो धो पाऊस, नौपाड्यात नेहमीप्रमाणे पाणी तुंबायला लागलेलं. त्याचं मेकॅनिकल यंदा झालं, एपीएसचं सर्टिफिकेट (जर्मनीसाठी आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून देतात ते) आलं, जर्मनीतल्या दोन ठिकाणांहून प्रवेशाची पत्रं आली आहेत. मी सुट्टीला घरी आले आहे हे कळल्यावर काकू म्हणाल्या, "तू दोन वर्षं काढलीस ना तिकडे, जरा बोल गं याच्याशी." त्याने वही उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तिकडे केटी लागते का?" केटी म्हणजे नापास झालेला विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जाणं.

हो किंवा नाही म्हणून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितेय. मी निघाले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आधी काकूंची काळजी. दोनपैकी एका पत्रावर 'होखशूल' लिहिलंय, म्हणजे ते हायस्कूल तर नाही ना? नाही. होखशूल म्हणजे उच्च शिक्षणाची संस्था, आणि गिम्नाझिउम म्हणजे शाळा, व्यायामशाळा नव्हे. उपयोजित विज्ञानाच्या होखशूलमध्ये भर कामाच्या अनुभवावर असतो, विद्यापीठात संशोधनावर. मास्टर्सची डिग्री दोन्हीकडे खरीच. काकूंचा चेहरा तिथेच मोकळा झाला.

मग मार्क. तिथे 1.0 सगळ्यात वरचा, 4.0 म्हणजे जेमतेम पास, 5.0 म्हणजे नापास. आपला सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून गुणांची सरासरी, त्यात बसवायला बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून आपले वजा करायचे, सर्वोच्च आणि पासिंगमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. त्याचा सीजीपीए 7.8. दहापैकी पासिंग 4 धरलं तर 2.1 येतो. हे त्याने स्वतः वहीत करून पाहिलं.

खरी गोष्ट क्रेडिटची आहे. एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे दीडशे ते एकशेऐंशी तास. त्यातली लेक्चर आणि ट्युटोरियल मिळून साठेक तास होतात. उरलेले शंभर तास कुठे आहेत? ते तुझे आहेत, आणि ते कुणी मोजत नाही. बहुतेक लेक्चरला हजेरी नाही, टर्मवर्क नाही, जर्नलवर सही घ्यायला स्टाफरूमबाहेर रांग नाही. इथे डिफॉल्टर लिस्टच्या धाकाने मी वर्गात बसायचे. तिथे पहिल्या महिन्यात मला वाटलं, किती हलकं आहे सगळं! ते हलकं नव्हतं. माझ्या वाटणीचे तास मी भरतच नव्हते.

आणि परीक्षेचा फॉर्म. इथे नोटीस लागते, ग्रुपवर दहा जण आठवण करतात, लेट फी भरूनही काम होतं. तिथे पोर्टलवर प्रत्येक पेपरची वेगळी नोंदणी करायची, ठरलेल्या दिवसांत. पहिल्या सेमिस्टरला एका विषयाची सगळी लेक्चर मी केली, सगळी गणितं सोडवली, आणि नोंदणीची तारीख गेली. ऑफिसमधल्या बाई शांतपणे म्हणाल्या, पुढच्या वेळी. मी खूप रडले. कोर्सच्या परीक्षा-नियमावलीत, तिला तिकडे प्रूफुंग्सओर्डनुंग म्हणतात, ते पहिल्यापासून छापलेलं होतं. मी ती उघडलीच नव्हती.

आता केटी. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी. नोंदणी करून आजारपणाचा दाखला न देता गैरहजर राहिलास, तर तीही संधी गेली. तिसऱ्यांदा नापास झालास की त्या कोर्समधून नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा घेता येत नाही. केटी घेऊन वर्षानुवर्षं पुढे सरकणं तिथे नाही. हे ऐकून काकू गप्प झाल्या. त्यांना घाबरवायचं म्हणून मी सांगितलं नाही, पण लपवलंही नसतं.

म्हणून लगेच मी त्यांना आइनझिश्टबद्दल सांगितलं, म्हणजे तपासलेली उत्तरपत्रिका स्वतः बघायला मिळणं. ह्या एका गोष्टीमुळे मला ती सगळी व्यवस्था पटली.

इंजिनिअरिंगला असताना माझी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिली होती. ऐंशीपैकी बत्तीसला पास, मला सत्तावीस. उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी पैसे भरले, ती हातात येईपर्यंत पुढची परीक्षा देऊन झाली होती. माझं कुठे चुकलं ते मला तेव्हा कळलंच नाही.

तिथे दुसऱ्या सेमिस्टरला एका पेपरात दोन मार्कांनी गेले. निकालानंतर आइनझिश्टची तारीख लागली. एका खोलीत आम्ही पंधरा जण, फोन बॅगेत, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याची स्वतःची उत्तरपत्रिका. माझंच अक्षर, त्यावर लाल पेनाच्या खुणा, समासात प्रत्येक पायरीचे मार्क. तिसऱ्या प्रश्नात मी वेगळ्या पद्धतीने गेले होते. तपासणाऱ्या असिस्टंटला ते दाखवलं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला, ओळीवर बोट ठेवून वाचत गेला आणि म्हणाला, इथपर्यंत बरोबर आहे. एक मार्क वाढवला. पाचव्या प्रश्नातही मी हट्ट धरला, तेव्हा त्याने कागद घेऊन पूर्ण गणित मांडलं. चिन्ह माझंच चुकलं होतं. एक मार्क कमीच पडला, नापास ती नापासच. पण त्या दिवशी बाहेर पडताना मला माझी चूक माहीत होती. पुढच्या वेळी त्याच पेपरात 2.3 आला.

काकूंनी विचारलं, "मग अडलं तर तिथे विचारायचं कुणाला गं?" आहेत ना. फाखशाफ्ट म्हणजे त्या विभागाच्या विद्यार्थ्यांची संघटना, जुन्या प्रश्नपत्रिका बऱ्याचदा त्यांच्याकडे मिळतात. कोर्सचे सल्लागार असतात, त्यांच्या वेळा दारावर लावलेल्या असतात. फक्त दार आपण वाजवायचं. त्याशिवाय कुणी बोलवायला येत नाही.

चहा झाल्यावर आम्ही त्याच्या कोर्सची नियमावली लॅपटॉपवर उघडली. छत्तीस पानं, सगळी जर्मनमध्ये. भाषांतर लावून संधींचं कलम शोधलं, ते त्याने वहीत उतरवून घेतलं. मग मला म्हणाला, "ताई, उद्या परत येऊ? उरलेली पानं वाचू."