छर्ऱ्यांचे चार डबे आणि एक व्हर्नियर

मागच्या रविवारी सकाळी साडेसातपासून अकरापर्यंत मी नाशिकच्या गंगापूर रोडजवळच्या आमच्या शूटिंग रेंजवर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून केवळ छर्रे तपासत बसलो होतो. रायफल मुलीची आहे, दहा मीटरवरून मारायची एअर रायफल. तपासणीचे काम मात्र माझ्या वाट्याला आले, कारण गेल्या वर्षीची चूक माझीच होती. तेव्हा एका डब्यातल्या पाच छर्ऱ्यांनी निशाण्याच्या कार्डावर जवळजवळ एकच भोक पाडले आणि मी हुरळून जाऊन त्याच कंपनीचे, त्याच मापाचे दहा डबे मागवले. आलेला माल दुसऱ्या लॉटचा, म्हणजे कारखान्यात वेगळ्या खेपेला बनलेला होता. झाकणावरचे ४.५० मिमी हे माप तेच असले, तरी पुढचे सहा महिने मुलगी स्वतःच्या पवित्र्यात दोष शोधत राहिली.

स्पर्धेचा छर्रा शिशाचा, डमरूसारखा कमरेत बारीक आणि साधारण ०.५३ ग्रॅम वजनाचा असतो. त्याचे तोंड सपाट असल्यामुळे कार्डावर स्वच्छ गोल छिद्र पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. डोक्याचा व्यास नळीच्या आतल्या पिळदार खाचांशी नेमका जुळावा लागतो, म्हणून एकच छर्रा ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत विकला जातो. मागचा पोकळ, पातळ घेर हवा अडवून धरतो. माझ्या आजोबांकडे पेठ तालुक्यातल्या शेतावर रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिच्यात गोळी नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान घेत आणि उरलेली फट गोळीभोवती गुंडाळलेल्या चिंधीने भरून काढत. चिंधी जाड झाली तर गज आत जाईना आणि पातळ झाली तर गोळी भरकटे, हे ते लहानपणी मला सांगत. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना ठाऊक नव्हता, पण प्रश्न तोच होता.

या वेळी चार लॉट घेतले: ४.४९ चा एक, ४.५० चे दोन (त्यांतला एक गेल्या वर्षीचा उरलेला) आणि ४.५१ चा एक. प्रत्येकाचे दहा-दहा छर्ऱ्यांचे तीन गट मारायचे होते, परंतु सलग नव्हे, तर आळीपाळीने, म्हणजे माझा थकवा किंवा रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधला उतरता दाब एकाच लॉटच्या माथी बसणार नाही. डबा बदलला की पहिले दहा छर्रे हिशेबात धरायचे नाहीत, कारण आधीच्या छर्ऱ्याच्या शिशाचा थर नळीत राहिलेला असतो. हे सगळे कंटाळवाणे आहे. जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत पहिला अर्धा तास तर बोटेच ऐकत नव्हती आणि त्या वेळचे दोन गट मला पुन्हा मारावे लागले.

मोजणी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेणाऱ्या सरकपट्टीने केली: गटाच्या बाहेरच्या कडांमधले सर्वांत मोठे अंतर घेऊन त्यातून छर्ऱ्याचा ४.५ मिमी व्यास वजा केला, की केंद्रांमधले अंतर मिळते. कार्डाच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असला, तरी छर्ऱ्याची कड त्याला लागली की दहा गुण मिळतात; म्हणजे छर्ऱ्याचे केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत हवे. दशांश गुणांकनात त्यापुढे प्रत्येक ०.१ साठी पाव मिलिमीटर लागतो, म्हणून पात्रता फेरीच्या ६० नेमांत या फरकाची बेरीज होत जाते. तीन गटांची सरासरी अशी निघाली: ४.४९ ची ४.६ मिमी, गेल्या वर्षीच्या ४.५० ची ४.३, नव्या ४.५० ची ३.१ आणि ४.५१ ची ३.४. गेल्या वर्षीच्या त्या लॉटमधूनही एकदा पहिले पाच छर्रे एकाच भोकात गेले होते. सहाव्यापासून गट फुटला.

मुलीला मी आकडे दाखवले तेव्हा तिने रास्त शंका काढली, की उभ्याने मारताना तिचा स्वतःचा पसारा, म्हणजे नेमांचे विखुरणे, आठ मिलिमीटरच्या आसपास असतो, मग एवढ्याशा फरकाने काय होणार? पसारे सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करावी लागते. ढोबळ हिशेबाने आठात ४.३ मिसळले तर ९.१ येतात आणि ३.१ मिसळले तर ८.६. अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुटे धरले तर प्रत्येक नेमात फारच थोडे. तिचे म्हणणे बरेचसे खरे होते. मात्र तिचा पसारा जसजसा कमी होईल, तसतसा छर्ऱ्याचा वाटा वाढत जाणार आहे, आणि सहा महिने स्वतःवर घेतलेला संशय कोणत्याही हिशेबात बसत नाही.

३.१ आणि ३.४ मध्ये निवड करायला तीन गट पुरेसे नाहीत, म्हणून काल त्या दोन लॉटचे आणखी तीन-तीन गट मारले. या खेपेस क्रम उलटला: ४.५१ ला ३.२, ४.५० ला ३.५. साबणाने हात धुऊन मिसळ खायला बसलो आणि तिथूनच दुकानदाराला फोन लावला. नव्या ४.५० चा तो लॉट संपला होता, ४.५१ चे त्याच लॉटचे सहा डबे शिल्लक होते, ते घेतले. गेल्या वर्षीच्या उरलेल्या डब्यांवर मुलीने लाल मार्करने 'सराव' असे लिहून टाकले आहे.