एक खोली कुलूप लावून ठेवू नका

स्वतः वीस-पंचवीस वर्षं राहिलेला फ्लॅट भाड्याने द्यायची वेळ आली की पुण्यात घरोघरी एक तोडगा हमखास निघतो. लहान बेडरूममध्ये कपाटं, पितळी भांडी, पुस्तकं, आईचं शिलाई मशीन सगळं भरायचं, बाहेरून कुलूप ठोकायचं आणि उरलेलं घर भाड्याने द्यायचं. काही टाकावं लागत नाही, काही ठरवावंही लागत नाही. राहत्या घरात जीव अडकलेला असताना हे फार सोयीचं वाटतं.

हिशेब मात्र वेगळा निघतो. टू बीएचकेचं भाडं वन बीएचकेवर येतं, आणि तेही महिन्याच्या महिन्याला. बंद खोलीत हवा खेळत नाही, त्यामुळे एका पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी येते. खोकी जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेली असली तर वाळवीला आयता रस्ता मिळतो. वरच्या फ्लॅटमधून गळती सुरू झाली तर कुणाला कळतही नाही. मुख्य म्हणजे ती खोली तुम्हाला सारखी बोलावत राहते. आज जाड चादर हवी, उद्या मोठं पातेलं. दर वेळी दुसऱ्याच्या हॉलमधून, त्यांच्या जेवणाच्या ताटांवरून नजर टाकत आत जायचं. अशा घरातला भाडेकरू अकरा महिने कसेबसे काढतो आणि पुढचं घर बघतो.

अगदीच इलाज नसेल तर खोलीऐवजी माळा राखून ठेवा. तेही जमणार नसेल आणि खोलीच ठेवायची असेल, तर ती करारातून वगळल्याचं स्पष्ट लिहा. सामान फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पुठ्ठ्याची खोकी नकोत, झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातला वीज तोडणारा स्विच, बंद करा. वर्षातून दोनदाच उघडायची, पावसाळ्याआधी आणि नंतर, हेही लिहून ठेवा.

घर रिकामं करायला सलग चार शनिवार-रविवार धरा. एका दमात करायला गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जुन्या अल्बमभोवती बसलेले असतात आणि टेम्पो खाली उभा असतो. सुरुवात माळ्यापासून करायची, कारण तिथल्या वस्तूंशिवाय दहा वर्षं चाललेलं असतं. मग बाल्कनी आणि संडासावरचा पोटमाळा, मग स्वयंपाकघर, आणि फोटो-कागदपत्रांचं कपाट सगळ्यात शेवटी. त्यातली खरेदीखत, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा ‘इंडेक्स टू’ उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र ही मूळ कागदपत्रं मात्र पहिल्याच दिवशी एका फाइलमध्ये बाहेर काढा. घर आई-वडिलांनी घेतलेलं असेल तर जातं, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब यांचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आणि ते घरात असतानाच. मुलांनी परस्पर भंगारात दिलेला बंब पुढची पाच वर्षं जेवणाच्या टेबलावर निघतो.

दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. त्या पुसायला रंगाऱ्याला सांगताना भल्याभल्यांचा आवाज बदलतो. नुसता फोटो काढून भागत नाही, कारण फोटोत मापं कळत नाहीत. चौकटीच्या उंचीइतका ट्रेसिंग पेपर किंवा शिंप्याकडचा खाकी कागद घ्या, वरून-खालून मास्किंग टेपने ताणून लावा आणि खालचं टोक बरोबर फरशीला टेकवा. प्रत्येक खूण तारखेसकट पेन्सिलीने कागदावर उतरवा. कागद घडी न घालता गुंडाळून ठेवा, घडीवर तो फाटतो. नव्या घरात तो फरशीला टेकवून लावला की मापं तशीच्या तशी मिळतात. मगच चौकटीला रंग.

देव्हाऱ्याचंही आधी ठरवावं. देव तुमच्याबरोबर जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण रिकामा देव्हारा भिंतीवर राहतो आणि पुढे त्यात कुणी मोबाइलचे चार्जर ठेवले की ते बघवत नाही. सुटा असेल तर घेऊन जा. भिंतीत बसवलेला असेल तर आतले फोटो, वस्त्रं, समईचे डाग सगळं काढून त्याचं साधं कपाट करून टाका. बाल्कनीतली तुळस कुंडीसकट शेजारी द्या. भाडेकरू तिला पाणी घालेल ही अपेक्षा त्याच्यावर लादू नये. नामपाटी काढून स्क्रूची भोकं त्याच दिवशी लांबीने (पुट्टीने) बुजवा. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर घरात सोडू नका. ते कनेक्शन तुमच्या नावावर आहे, ते भाडेकरूला वापरायला देता येत नाही.

किल्ल्या मोजा. इतक्या वर्षांत एक शेजारच्या काकूंकडे, एक कामवाल्या मावशींकडे, एक मेहुण्याकडे गेलेली असते. सगळ्या गोळा करत बसण्यापेक्षा लॅचचा सिलिंडरच, म्हणजे किल्ली फिरते तो आतला भाग, बदलून घ्यावा, काम अर्ध्या तासाचं आहे.

आता दुरुस्ती. इथे जीव लावलेला माणूस नेमका चुकीच्या जागी पैसे घालतो. हॉलला महागडा रंग देतो आणि बाथरूमची नहाणी तशीच सोडतो. हॉलला एकच फिका रंग पुरे, डबा आणि शेड नंबर जपून ठेवा, दोन वर्षांनी डागडुजीला लागतो. बाथरूमसाठी ही चाचणी करा: नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालचं, तोंड फडक्याचा बोळा आणि प्लॅस्टिकने घट्ट बंद करा, दाराच्या उंबऱ्याच्या खाली राहील इतपत, साधारण दोन इंच पाणी भरा, कडेला पेन्सिलीने पातळी आखा आणि चोवीस तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत बघा. ओल दिसली तर बहुतेक वेळा दोष ट्रॅपभोवतीच्या सांध्यात किंवा फरशांच्या भेगांमधल्या झिजलेल्या पांढऱ्या सिमेंटमध्ये असतो. जुनं खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांध्यांत भरायचं पाणी न शोषणारं मिश्रण) भरला की बऱ्याचदा भागतं. ट्रॅपच हललेला असेल तर फरशी उचलावी लागते. संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी अंतर्गत गळती उपविधींप्रमाणे सोसायटीच्या नव्हे, सभासदाच्या खर्चाची असते, आणि घर भाड्याने दिल्यावर खालच्यांचा फोन भाडेकरूला नाही, तुम्हालाच येतो.

गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि आतली कॉइल तपासून घ्या. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी कॉइलवर थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसतं. ते मोजून घ्या, आणि तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

भाडं ठरवताना आठवणींचे पैसे मागू नका. मॉड्यूलर किचनला तुम्ही अडीच लाख घातलेत, पण समोरचा मोजतो ते त्याच सोसायटीतल्या शेजारच्या विंगच्या भाड्याशी. आपल्याच आवारातल्या तीन सारख्या फ्लॅटचं चालू भाडं विचारा, मधलं धरा. समजा ते २४,००० आहे आणि तुम्ही २६,००० वर अडून बसलात. दोन महिने घर रिकामं राहिलं तर वर्षाचे २,६०,००० होतात, २४,००० ने लगेच दिलं असतं तर २,८८,००० झाले असते. उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची: माणसं चांगली दिसली, आपल्यासारखी वाटली, म्हणून भाडं कमी केलं आणि कागदही केला नाही. चांगल्या माणसांशीच कागद करावा, वाईट माणसाशी व्यवहारच करू नये. आधीच्या घरमालकाशी पाच मिनिटं बोललं की चेहऱ्यावरून कळत नाही ते कळतं.

कागद म्हणजे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स, ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा करार. नोटरीचा करार नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून त्रासाचं म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. नोंदलेल्या कराराची मुदत संपून घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळाचं दुप्पट शुल्क मागता येतं. ही सगळी सोय ज्या खर्चात मिळते तो बघा: मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते कशावर, तर पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज. २४,००० भाडं, ७२,००० डिपॉझिट, अकरा महिने असं धरलं तर २,६४,००० अधिक ६,६००, म्हणजे २,७०,६०० वर सुमारे ६७७ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० वेगळी. ऑनलाइन नोंदणीला आधारशी जुळणारा अंगठा लागतो. वयस्क मालकांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत, तेव्हा आधारचं बायोमेट्रिक आधी अपडेट करून घ्या, नाहीतर एजंट तीन फेऱ्या मारतो. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर भरा आणि पोचपावती करारालाच जोडा.

कराराला यादी जोडायची ती ‘पंखे ४, ट्यूब ६’ एवढ्यावर थांबणारी नको. ओट्याच्या ग्रॅनाइटला डाव्या कोपऱ्यात जुना टवका, बेडरूमच्या खिडकीची एक पट्टी घट्ट सरकते, वीज मीटरचं रीडिंग, किल्ल्यांचे संच किती, असं सगळं लिहा आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून दोघांच्या फोनवर ठेवा. जुन्या मालकाला प्रत्येक ओरखडा नवा वाटतो. यादी असली की तो ओरखडा २००९ मध्ये आपणच फ्रीज सरकवताना पाडला होता हे आठवतं.

सोसायटीला लेखी कळवून कराराची प्रत द्या. घर स्वतः न वापरता भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनवहिवाट शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा सरकारी आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. मेंटेनन्स ३,००० आणि त्यातलं सेवाशुल्क १,८०० असेल तर कमाल १८० रुपये. कमिटीने भलताच आकडा सांगितला तर भांडू नका, आदेशाचा हवाला देऊन पत्र द्या. पुणे महापालिकेत राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. घर भाड्याने दिलं की ती जाते, म्हणून भाडं ठरवतानाच वाढीव कर मोजा. प्राप्तिकरात मात्र तुम्ही भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, रंगरंगोटीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. मालक परदेशात असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूला टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच त्यातून प्राप्तिकर, कापावा लागतो. हे करार करतानाच सांगा, नाहीतर मार्चमध्ये दोघांचीही धावपळ होते.

आणि मग ते जाणं-येणं. लायसन्समध्ये कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, हे वाक्य एकदा कानावर पडलं की मालक बिघडतात. ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं’ हे बंद. सहा महिन्यांत एकदा, एक दिवस आधी विचारून, वीस मिनिटं. सिंकखालचं कपाट, बाथरूमचं छत, पावसाळ्यात खिडक्यांचे कोपरे, गीझर एवढंच बघायचं. पहिल्या भेटीला दार उघडल्या उघडल्या अंगावर येतो तो वास. फोडणी वेगळी, साबण वेगळा, आणि पलंग खिडकीखाली सरकवलेला, जिथे तुम्ही तो कधीच ठेवला नसता. त्यावर काही बोलायचं नाही. जमत नसेल तर पहिल्या भेटीला घरातल्या कमी गुंतलेल्या माणसाला पाठवा, जावई चांगला. शेजारचे काका फोन करून ‘तुमच्याकडे रात्री अकराला मिक्सर चालतो’ असं कळवतात, त्यांना सरळ बेल वाजवून सांगायला सांगा. तुम्ही मध्ये पडलात की तुमचा पहारेकरी झालाच म्हणून समजा.

खरी परीक्षा येते ती साध्या मेसेजने: ‘काकू, किचनमध्ये मसाल्याच्या मांडणीसाठी चार भोकं पाडू का?’ नाही म्हणायची घाई करू नका. हो म्हणा, पण कुठे ते मेसेजमध्येच लिहून द्या. टाइलच्या मधोमध नको, सांध्यावर सहा मिलिमीटरच्या बिटने. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली नको, तिथून आतली वायर जाते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत तर नकोच, त्यात पाइप आहे. माळ्यावर त्याच टाइल्स चार-पाच उरलेल्या असतील, त्या कुठे आहेत तेही कळवा.