उभा ऊस मशीनला, लोळलेला टोळीला

नदीकाठच्या त्या उसाच्या फडात हार्वेस्टर, म्हणजे ऊसतोडणीचं मशीन, आणि तोडणी मजुरांची टोळी एकाच दिवशी लावायची होती. मी कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे, तोडणीच्या चिठ्ठ्या देतो. पाळी लागणीच्या तारखेवर ठरते, असं सभासदांना सांगितलं जातं. पण आता त्याआधी प्रश्न येतो, सरी किती फुटी? साडेचार-पाच फुटी सरी, सपाट रान आणि उभा ऊस असला की मशीन.

मशीन चालताना बघत राहावं. पुढचे स्क्रू ऊस उचलून धरतात, वरचं पातं वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, उडवतं, खालच्या चकत्या बुडखा छाटतात, आत वीतभर कांड्या होतात आणि पंखा पाचट बाहेर फेकतो. दिवसाला शंभर टनांवर ऊस. घ्यायला सरकारी अनुदानही 40 टक्क्यांपर्यंत. शेतकरी खूश असतो, कारण खुशाली, म्हणजे तोडणीसाठीचे वरचे पैसे, मागणारं कोणी नाही. त्याचं चूक नाही. एन्ट्रीच्या नावाखाली पैसे उकळून टोळ्यांनी आणि ड्रायव्हरांनी शेतकऱ्याला फार नागवलंय.

त्या दिवशी वरच्या सपाट पट्टीत मशीन गेलं. खाली ओलीत, वाऱ्यानं लोळलेला ऊस राहिला. तिथं चाकं रुततात, म्हणून ती चिठ्ठी बीडकडच्या टोळीला.

लोळलेला ऊस तोडणं म्हणजे आधी तो सोडवणं. एकात एक गुंतलेला, जमिनीला टेकून मुळ्या फुटलेला, खाली उंदरांची बिळं. एक बाई वाकून एकेक ऊस ओढून काढत होती, नवरा तोडत होता. वाढ्याचा पीळ देऊन तिनं मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि चिखलातून टायरगाडीपर्यंत नेली. चांगल्या फडात एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन तोडतो. इथं टनभरही कसाबसा झाला असता.

ती म्हणाली, "दादा, उभा ऊस मिशीनला अन् लोळलेला आमाला. उचल तर टनावरच फिटायची ना?"

टोळी आणणारा मुकादम गप्प उभा होता. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, जोडीमागे लाखाच्या घरात, ती फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते.

मशीननं माणसांचं काम जातं, एवढंच बोललं जातं. फडात दिसतं ते वेगळं आहे. काम राहतं, पण मशीनला नको असलेलं, जास्त कष्टाचं. दर मात्र तोच. 2024 च्या सुरुवातीला तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढला, चांगलंच झालं, पण त्यात उभ्या-लोळलेल्याचा फरक धरलेला नाही. मशीनच्या फडात वाढ्यांचाही भुगा होतो. वाढी विकून मिळणारे टोळीचे संध्याकाळचे रोख पैसे जातात, गावातल्या जनावरांचा चाराही.

मी वर लिहून दिलं, मशीन नाकारतं त्या फडाला टोळीला वेगळा दर द्या. शेतकी अधिकाऱ्यांनी वाचलं. म्हणाले, दर साखर कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना बसून राज्यासाठी ठरवतात, एका कारखान्याच्या हातात नाही. नियम तसाच आहे. पण कोणता फड कोणाला द्यायचा, हे तर आमच्याच हातात आहे. येत्या हंगामात प्रत्येक टोळीला उभ्या उसाचा ठरावीक हिस्सा राखून ठेवावा, असं मी पुन्हा लिहिणार आहे.